सर्कलमध्ये शिरण्याआधी

आर्या, नील, सुशीलामावशी गेल्याचं तुम्हाला मी फोनवर एका वाक्यात सांगून टाकलं होतं. तिच्या मुलाचा, मिलिंदचा, फोन आला तेव्हा मी आजोबांना गोळी देत होते. "मावशी, आई झोपेतच गेली," एवढंच तो म्हणाला... गोळी माझ्या हातातच राहिली. आता महिना उलटला, तर नीट लिहिते.

आजोबांना अर्धांगवायू झाला, वाचाही गेली, आणि आठवड्यातून दोनदा त्यांना बदलापूरहून अंबरनाथला व्यायामासाठी न्यायचं ठरलं. रिक्षात त्यांचा तोल जायचा. गाडी खाली उभी होती, लायसन्स माझ्याकडे होतं, हिंमत नव्हती. तुम्ही म्हणत होता, विकून टाक. अडचण एकच, एमआयडीसीजवळचं मोठं सर्कल. चारी बाजूंनी टँकर आणि शिफ्टच्या कामगारांच्या रिक्षा. ते टाळायला मी लांबच्या खड्ड्यांच्या रस्त्याने जायचे आणि आजोबा प्रत्येक खड्ड्याला कण्हायचे. सुशीला शेजारच्या इमारतीत राहायची, कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली. तिला हे कळलं आणि एका रविवारी सकाळी ती गाडीत येऊन बसलीच.

पहिल्याच फेरीत मी सर्कलच्या आत गाडी थांबवली. डावीकडून एक टेम्पो शिरू बघत होता, म्हटलं त्याला आधी जाऊ द्यावं. मागे हॉर्नचा कल्लोळ. मी शाळेत शिकवायचे, म्हणून सुशीला मला टीचरच म्हणायची. "टीचर, हे काय हळदीकुंकू आहे, आधी तुम्ही, आधी तुम्ही करायला? थांबायचं ते शिरण्याआधी. उजवीकडून येणाऱ्याला जाऊ द्या, मग शिरा. एकदा शिरलात की चालत राहा. बाहेर पडताना डावा इंडिकेटर." पुढे बाहेर पडायचा रस्ताच चुकला. मी रडकुंडीला आले. ती शांतपणे म्हणाली, "चुकू दे. आणखी एक फेरी." पाचव्या फेरीला स्टँडवरचा रिक्षावाला ओरडला, "काय आजी, नवस बोललाय काय?" "हो रे," सुशीलाने काच खाली करून सुनावलं, "तुम्हाला इंडिकेटर द्यायची बुद्धी होऊ दे म्हणून!" मला इतकं हसू आलं, की घाबरायचं राहूनच गेलं, आणि सहाव्या फेरीला मी बरोबर रस्त्याने बाहेर पडले. त्या मंगळवारपासून आजोबांना मी एकटीच नेऊ लागले... निदान मला तसं वाटत होतं.

आजोबांचे शब्द आता एकेक करून परत येताहेत. परवा सर्कल ओलांडल्यावर त्यांनी आपल्या बाजूच्या आरशाकडे बोट केलं. "सुशीला... यायची. स्कूटर. मागे." मला काही उमजेना. संध्याकाळी मिलिंदला विचारलं. "हो ना मावशी," तो म्हणाला, "पहिले दोन महिने. तुम्ही सर्कलमधून नीट बाहेर पडलात की आई परत फिरायची. आम्हाला ताकीद होती, टीचरना सांगू नका, त्या आरशात मलाच बघत बसतील."

सर्कल पार झालं की मी आता आरशात बघते. एकदाच. मग समोर.