वरचं कुरण आणि आमचे मामेसासरे

सिंगापुरात पंचवीस वर्षं काढून ज्याच्या डोळ्यांत फक्त गवतच भरलं, असा माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरे म्हणून आला. या देशात येणारा माणूस समुद्र बघतो, उंच इमारती बघतो, घरांच्या किमती तर झोपेतही बघतो. मामा फक्त जमिनीकडे बघत चालत. विमान चांगी विमानतळावर उतरायला लागलं की सगळे प्रवासी खिडकीतून समुद्रातली जहाजं बघतात, मामा धावपट्ट्यांच्या मधली हिरवळ बघत आणि शेजारच्या अनोळखी माणसाला ऐकू जाईल असं म्हणत, "केवढं रान हे! आणि एक शेळी नाही." कुठलीही मोकळी जागा त्यांना गुरांच्या हिशेबातच दिसायची. फुटबॉलचं मैदान म्हणजे चार म्हशी आणि एक रेडकू. त्यांच्या ब्लॉकमागचा उतार म्हणजे दोन गाई, "पण शेळ्या बांधाव्या लागतील, नाहीतर थेट एमआरटी स्टेशनात शिरतील." इथल्या साध्या हिरवळीला 'काऊ ग्रास' म्हणतात हे कळल्यावर त्यांना झालेलं दुःख मी स्वतः पाहिलं आहे. "नाव गाईचं," ते म्हणाले, "आणि गाईलाच प्रवेश नाही."

मी लग्नानंतर नोकरीसाठी इथे आलो तेव्हा पहिले चार महिने त्यांच्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये राहिलो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच, आणि विमानात बसलेलाही. एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, कार्ड कुठे टेकवायचं इथपासून हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, टेबलावर कागदी रुमालांचं पुडकं ठेवून जागा कशी धरायची इथपर्यंत सगळं मला मामांनी शिकवलं. चांगी बिझनेस पार्कमध्ये पहिल्या दिवशी जाताना मी मनात इंग्रजी वाक्यं घोकत होतो. मामा लिफ्टपर्यंत आले आणि म्हणाले, "जावईबापू, इंग्रजी चुकलं तर चुकू दे, आवाज चुकू देऊ नका." त्या एका वाक्यावर मी या शहरात आजवर नोकरी टिकवून आहे. त्यांचे उपकार मोजायला बसलो तर ते रागावतील, म्हणून इथेच थांबतो.

मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे मामांचं प्रेम विनाअडथळा गवताकडे वळलं होतं. दर काही दिवसांनी ब्लॉकखाली गवत कापणारे कामगार यायचे. पाठीवर यंत्र, तोंडावर जाळी, आणि कानठळ्या बसवणारा आवाज. लोक खिडक्या लावून घेत. मामा चपला घालून खाली उतरत. "भाईसाब, थोडा ऊपर से काटो, जड़ को लगता है," असं ते यंत्राच्या आवाजावर ओरडून सांगत. ते लोक त्यांना 'ग्रास अंकल' म्हणत आणि त्यांना बघितलं की यंत्र बंद करून विश्रांती घेत, कारण अंकल आले म्हणजे पाच मिनिटं तरी जाणार हे त्यांना ठाऊक झालं होतं. कापलेलं गवत काळ्या पिशव्यांत भरून गाडीत टाकलं जाई तेव्हा मामा तोंड फिरवत. एकदा माझी आठ वर्षांची मुलगी त्यांच्याबरोबर होती. "दोन म्हशी पोसल्या असत्या गं यावर," मामा तिला म्हणाले. ती इथल्या मुलांच्या लकबीत म्हणाली, "मामाआजोबा, पण म्हैस लिफ्टमध्ये मावणार नाही, लाह!" मामांनी यावर गंभीरपणे विचार केला आणि लिफ्टचं दार पावलांनी मोजलं. "रेडकू मावेल," असा त्यांनी निकाल दिला.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवीन माणूस भेटला की बाकीचे विचारत, कुठली कंपनी, कुठल्या कॉन्डोत फ्लॅट. मामा विचारत, "तुमच्याकडे गवत कुठलं?" एका तरुणाने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, सोसायटीत लॉन आहे." मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एखाद्याच्या घरी वाईट घडल्याचं कळल्यावर ठेवतात तेवढाच वेळ तो तिथे ठेवला. माझ्या सासरी मी पसंत पडलो तोही शिक्षणामुळे नाही. माझी आई दिवाळीनंतर गवताचे भारे वाहायची, आणि कुसळं तिच्या लुगड्यातून काढणं हे माझं संध्याकाळचं काम होतं, असं मी लग्न ठरण्याआधी मामांशी फोनवर बोलताना ओघात सांगितलं होतं. मामांनी त्याच रात्री भाचीला फोन केला, "मुलगा चांगला आहे. कुसळं ओळखतो."

या सगळ्या वेडाच्या मुळाशी एक खरंखुरं रान होतं. मामांच्या गावावरच्या डोंगरात, चढून गेल्यावर एकदम सपाट होणारं, कमरेएवढ्या गवताचं एक कुरण आहे. गाव त्याला नुसतं 'वरचं कुरण' म्हणतं. लहानपणी मामा, त्यांची धाकटी बहीण आणि त्यांची आई तिथे रोजाने गवत कापायला जात. मालक वाईट नव्हता; पण त्याची परवानगी असल्याशिवाय गवतात पाय ठेवता येत नसे. एकदा ही दोन पोरं लाव्हा पाखराची पिल्लं बघायला आत शिरली म्हणून त्यांच्या आईला त्या दिवशी कामावरून परत पाठवलं. तेव्हापासून मामांच्या डोक्यात बसलं होतं की हे कुरण आपण घ्यायचं. घेऊन काय करणार, हेही ठरलेलं होतं: "गुरांना चरायला, माणसांना बसायला, आणि उरलेल्यांना राहायला." उरलेले म्हणजे ससे, लाव्हे, चंडोल, आणि मामांच्या शब्दांत, "ज्यांच्याकडे राहायचा कुठलाच पास नाही असे सगळे."

मामांची सगळी नोकरी एका बँकेच्या कार्यालयात कामाच्या पद्धती लिहून काढण्यात गेली. त्यामुळे कुरण मिळायच्या आधी त्यांनी कुरणाची नियमावली लिहून काढली. गुरांना चरायच्या वेळा आमच्या कॉन्डोतल्या बार्बेक्यूच्या जागेसारख्या आठवडाभर आधी ठरवून घ्यायच्या होत्या. एका कुटुंबाला एका वेळी चार जनावरं. बैल आणि शेळ्या वेगवेगळ्या वारी. फुलं तोडल्यास समज. प्लॅस्टिकच्या आवरणात घातलेले सहा फलक त्यांनी तांजोंग पगारच्या एका दुकानातून छापून घेतले आणि गावी जाणाऱ्या माणसाबरोबर बहिणीकडे धाडले. ही बहीण म्हणजे माझ्या सासूबाई. त्या त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावात दिलेल्या, नांदत्या शेतकरीण. त्यांनी व्हिडिओ कॉलवर फलक उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाल्या, "दादा, छान आहेत. गाईला वाचता यायला लागलं की कळवते."

दोन वर्षांपूर्वी बातमी आली की मालकाची मुलं कुरण विकताहेत. एक प्लॉट पाडून विकणारा येऊन बघूनही गेला होता. फार्महाऊसचे चौकोन चुन्याने आखून दाखवीन म्हणाला होता. मामांनी त्या संध्याकाळी आम्हाला घरी बोलावलं, तालुक्याच्या वकिलांना फोन लावला आणि आम्ही ऐकावं म्हणून स्पीकर चालू केला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते आता दहा मिनिटांत ठरणार, या थाटात त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पासपोर्ट कुठला?"

"सिंगापूरचा. पण परदेशस्थ भारतीयाचं कार्ड आहे ना माझ्याकडे."

"मग फ्लॅट घ्या, दुकान घ्या. शेतजमीन विकत घेता येणार नाही."

"अहो, पण मी शेती करणारच नाही! मी नुसतं गवत राखणार आहे."

"साहेब, सातबाऱ्यावर ती शेतजमीनच आहे. गवताला वेगळा कायदा नाही."

मामांनी इथलं नागरिकत्व घेऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. तेव्हा घराचं, नोकरीचं, मामींच्या औषधपाण्याचं सगळं त्यानेच सोपं झालं होतं, आणि त्याबद्दल ते या देशाचे मनापासून ऋणी होते. सगळ्या पद्धती लिहून काढणाऱ्या या माणसाने एवढी एकच गोष्ट कधी विचारली नव्हती. फोन ठेवल्यावर त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं. मग म्हणाले, "भारतीय पासपोर्ट परत केला त्या दिवशी काउंटरवरच्या बाईने सगळे कागद तपासले. त्यात डोंगरही आहे, एवढं तिने सांगायला हवं होतं."

त्या आठवड्यात ब्लॉकखाली गवत कापायला लोक आले. मामा खाली गेले नाहीत. यंत्र थांबवून एकाने वर मामांच्या खिडकीत उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत हातानेच विचारलं, अंकल कुठे? मी खिडकी लावून घेतली.

वाट माझ्या बायकोने काढली. "आई शेतकरी आहे," ती म्हणाली, "आई घेऊ शकते." पण वकिलांनी बजावलं, नाव बहिणीचं आणि मालकी भावाची असला खेळ चालणार नाही. द्यायचे तर पैसे बहिणीला देऊन टाका; मग कुरण तिचं, निर्णय तिचा. मामांनी आठ दिवस मागून घेतले. आठव्या दिवशी सकाळी हॉकर सेंटरमध्ये कॉफी पिताना त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, कुरण वाचायला हवं, की माझं व्हायला हवं?"

मी भाबडेपणाने म्हणालो, "दोन्ही."

"तुमच्या शाळेत दोन्हीवर खूण केली की किती मार्क देत?"

"शून्य."

"मग एकावरच करू," असं म्हणून त्यांनी तिथूनच बहिणीला फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पलीकडे गाईला पाणी दाखवल्याचा आवाज येत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "दादा, एवढी मोठी ओवाळणी घालतं का रे कुणी?" मामा म्हणाले, "बावीस भाऊबीजा चुकल्यात माझ्या. सगळ्या एकदम धर."

खरेदी झाली आणि मामांची नियमावली एकेका फोनमागे गळत गेली. चरायच्या वेळा पहिल्या दिवशीच गेल्या. फलकांपैकी दोन सासूबाईंनी गोठ्याच्या पावसाकडच्या बाजूला लावले, एक शेळीने खाल्ला. 'माणसांना बसायला' म्हणून मामांनी बाकाचं चित्र काढून पाठवलं होतं; सासूबाईंनी आंब्याखाली एक सपाट दगड सरकवून घेतला आणि भारे घेऊन उतरणाऱ्या बायका त्यावर टेकायला लागल्या. "झालं की बाक," त्या म्हणाल्या. मामा चिडत, फोन ठेवत, आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावत, "दगडाला पाठ आहे का टेकायला?"

एकच गोष्ट मामांनी हट्टाने मागितली. लाव्ह्याची उशिराची पिल्लं गवतातून बाहेर पडेपर्यंत विळा लावायचा नाही. सासूबाई 'बघू' म्हणाल्या. पुढचं आम्हाला सासऱ्यांकडून कळलं. आजूबाजूची सगळी रानं कापून झाली, गवत पिवळं पडायला लागलं, कस उतरायला लागला, तरी या थांबल्या. गावात लोक म्हणत, "बाईनं पाखरांचं बाळंतपण काढलंय." त्या ऐकून घेत आणि रोज सकाळी चढून जाऊन गवतात वाकून बघून येत. पंधरा दिवस. भावाला यातलं एक अक्षर त्यांनी कळवलं नाही, फक्त एके दिवशी फोनवर म्हणाल्या, "गेली रे तुझी पोरं. आता कापते."

आमच्या भागात गवत कापून पेंढ्या खाली आल्या की रान मोकळं करतात. तोवर राखलेलं कुरण त्या दिवसापासून सगळ्या गावाच्या गुरांना खुलं होतं. मालकाने नारळ फोडायचा, वाटेवर टाकलेल्या काट्या ओढून बाजूला करायच्या आणि 'सोडा' म्हणायचं. तोपर्यंत कुणी जनावर आत घालत नाही. गेल्या वर्षी तो दिवस रविवारी आला. बायकोने मामांच्या घरी स्वयंपाक केला होता आणि आम्ही चौघं ताटं वाढून घेऊन फोनची वाट बघत होतो. मामा पुन्हा इस्त्रीच्या सदऱ्यात.

फोन आला. पडद्यावर आधी आभाळ, मग सासूबाईंची कपाळपट्टी, मग काट्यांच्या पलीकडे दाटीने उभी असलेली गुरं. त्यांच्या गळ्यांतल्या घंटा सारख्या हलत होत्या. नारळ फुटला. सासूबाईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाल्या, "दादा, म्हण."

"काय म्हणू?"

"काय म्हणू काय? सोडा म्हण. सगळी खोळंबलीत."

मामांचे ओठ हलले. एवढ्या एका शब्दासाठी माणूस पन्नास वर्षं थांबला होता. मला वाटलं, ते म्हणणार. माझी मुलगीसुद्धा फोनजवळ सरकली. मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मालकीण तू आहेस," ते म्हणाले. "तू म्हण. मी ऐकतो."

पलीकडे क्षणभर घंटाच वाजत राहिल्या. मग सासूबाईंचा आवाज आला, शेतातून शेतात हाक घालतात तसा लांबलचक, "सोडा रंऽऽ!" काट्या ओढल्याची खरखर झाली, खूर धावले, कुणीतरी शीळ घातली, आणि पडदा काळा झाला. सासूबाईंनी फोन कमरेच्या पिशवीत टाकला होता आणि नेहमीप्रमाणे बंद करायला विसरल्या होत्या.

मी फोन ठेवायला हात पुढे केला. मामांनी माझं मनगट धरलं. काळ्या पडद्यातून आधी नुसती पावलं ऐकू येत होती. मग ती थांबली असावीत, कारण हळूहळू दुसराच आवाज स्पष्ट व्हायला लागला: उरलेलं गवत दातांनी तुटल्याचा, सावकाश, एका लयीत, अनेक तोंडांचा. आमटी निवत चालली होती. खाली कुणाची तरी सायकलची घंटी वाजली. मुलीने विचारलं, "संपलं का? जेवायचं का आता?"

"जेवा," मामा हळूच म्हणाले, "पण आवाज करू नका. गुरं चरताहेत."