वायरबाईची सही

जलशुद्धीकरण केंद्रात तिला सगळे वायरबाई म्हणत. नदीचं पाणी गाळून, त्यात औषध सोडून ते शहराला पाठवणारं मशीन आतल्या खोलीत होतं, आणि त्याला बाहेरच्या जगाची एकही वायर जोडलेली नव्हती. कुठेतरी दूर बसलेल्या चोराने आत शिरून औषधाचं माप बिघडवू नये, म्हणून ते मुद्दाम एकटं ठेवलेलं. त्याचे आकडे वहीत उतरवायचे, सतरा पावलं चालत जायचं आणि बाहेरच्या कॉम्प्युटरवर चढवायचे, हे तिचं काम. बावीस वर्षं त्या दोघांमधली वायर तीच.

मशीनच्या प्रत्येक यूएसबी खाचेवर सीलची कागदी पट्टी, पट्टीवर तिची सही. पेनड्राइव्ह घेऊन कोणी आलं की ती दारातच आडवी.

"बाई, तुमच्यापेक्षा सासू बरी," पंपवाला म्हणायचा.

"सासूला चकवता येतं," ती म्हणायची.

त्या दुपारी तिची लेक दवाखान्यात बाळंतपणात अडली होती. जावयाचा फोन कधीही येईल, आणि हिचा फोन बंद पडायला आलेला. चार्जर घरी राहिला होता, पिशवीत नुसती केबल. तिने पट्टी सोलली आणि फोन मशीनला लावला. इंटरनेट थोडंच जोडतेय, चिमूटभर वीज घेतेय, असं तिला वाटलं.

वीस मिनिटांनी जावई बोलला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तिचे डोळे भरले, आणि तेवढ्यात नजर केबलवर गेली. एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला जावयाचा आवाज. सगळं जग आत येऊन बसलं होतं.

पट्ट्यांचा गठ्ठा तिच्याच ड्रॉवरमध्ये होता. नवी चिकटवून सही ठोकली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. निवृत्तीला अकरा महिने राहिलेले. कोरी पट्टी हातात धरून ती बराच वेळ बसली. मग तिने वही ओढली आणि आकड्यांखाली वेळ घालून घडलं ते लिहिलं.

मशीन दोन दिवस बंद ठेवून तपासलं गेलं. तोवर ती आणि पंपवाला हाताने झडपा फिरवत राहिले. मशीनमध्ये काही निघालं नाही. साहेबांनी तिला बोलावून विचारलं, की कोणी पाहिलं नव्हतं, मग लिहिलं कशाला?

"साहेब, माझी सही बघून तुम्ही पाणी पिता," ती म्हणाली.

साहेबांनी ठपक्याचं पत्र दिलं आणि पट्ट्यांचा गठ्ठा परत तिच्याच हातात ठेवला.

नातीला बघायला ती तिसऱ्या दिवशी गेली, ठणकते खांदे घेऊन. पिशवीत चार्जर होता.