भाऊसाहेबांचा गोल शिक्का

"सगळं हिरवं आहे ना? मग आता काय राहिलं?" प्राचार्यांनी विचारलं.

खरं तर काहीच राहिलं नव्हतं. नाशिकमधल्या त्या कॉलेजची वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी, हे काम माझ्याकडे होतं. फोटोंना वर्णनं दिली होती, माउसशिवाय नुसत्या कीबोर्डवर सगळं चालत होतं. तपासणारं सॉफ्टवेअर प्रत्येक पानाला हिरवी टिक देत होतं. मी जाम खूश होते. पण माझी एक खोड आहे. ज्याच्यासाठी वस्तू केली, त्याला ती वापरताना पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

म्हणून वनिताला बोलावलं. ती हरसूलची, एम.ए. करणारी, जन्मापासून अंध. तिच्या फोनमध्ये स्क्रीन रीडर होता, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय. तो इतका भराभर बोलत होता की मला अक्षर कळेना.

"तुला समजतं हे?"

"तुमच्यासाठी हळू लावलाय, मॅडम. एरवी लय फास्ट असतो."

होम पेज झालं. मग तिने नोटिशींचं पान उघडलं. "परीक्षेसाठी लेखनिक," फोन बोलला. लेखनिक म्हणजे अंध विद्यार्थी सांगेल ती उत्तरं लिहिणारा माणूस. तो नसेल तर वनिताला पेपरच देता येणार नव्हता. तिने नोटीस उघडली. फोन म्हणाला, "रिकामं पान."

मला तर पान भरलेलं दिसत होतं. आठ-दहा ओळी, सही, शिक्का. अर्जाची शेवटची मुदत: आज, चार वाजेपर्यंत. मी ते मोठ्याने वाचलं.

वनिताचा चेहरा उतरला. "मी रोज उघडते ना मॅडम हे. रोज रिकामंच म्हणतो. वाटलं, अजून टाकलीच नाय."

साडेतीन वाजले होते. आम्ही ऑफिस गाठलं. हेडक्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणतात.

"नोटीस आठवडाभर साइटवर आहे," ते म्हणाले.

ती तयार कशी करता, मी विचारलं. टाइप करायची, प्रिंट काढायची, साहेबांची सही घ्यायची, गोल शिक्का मारायचा, स्कॅन करून साइटवर चढवायची.

"शिक्का नसला तर नोटीस मानणार कोण?"

म्हणजे चांगली टाइप केलेली अक्षरं कागदाचा फोटो होऊन साइटवर येत होती, आणि फोटोतलं वनिताचा फोन वाचू शकत नव्हता. माझ्या सॉफ्टवेअरने पानं तपासली होती, पानावरच्या फाइली उघडल्याच नव्हत्या. मीही उघडल्या नव्हत्या.

"टाइप केलेली मूळ फाइल द्या. आत्ता टाकते."

"ती कुठून आणू? तिच्यावरच पुढची नोटीस टाइप केली. एकाच फाइलवर इतकी वर्षं काम चालवलंय मी."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मला राग आला, त्यांचा थोडा आणि स्वतःचा जास्त. अर्जाचा फॉर्मही स्कॅनच होता.

भाऊसाहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा वनिताकडे. मग खुर्ची पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"बस बेटा. तू सांग, मी लिहितो."

चारला दहा कमी असताना त्यांनी अर्जावर आवक शिक्का मारला. वनिताने सगळे पेपर दिले.

आता त्या कॉलेजात नोटिशीचा मजकूर आधी पानावर टाइप होतो, खाली स्कॅन लागतो. परवा वनिताचा व्हॉइस मेसेज आला. "मॅडम, निकालाची नोटीस फोनने अख्खी वाचली. शेवटी काय बोलला माहितीये? सही. गोल शिक्का."

भाऊसाहेबांनी तेही टाइप केलं होतं. मी ते काढायला सांगितलं नाही. माझ्या हिरव्या टिकांपेक्षा तो शिक्का जास्त खरा आहे.