बावन्न किलो, ऐंशी सेंटिमीटर

आमच्या प्रयोगशाळेत मामा तीस वर्षं लोखंडी गोळा वाळूत टाकतायत. मी तिथे भौतिकशास्त्र शिकवते, म्हणजे फळ्यावर शिकवते. खरं शिकवतात ते मामा. हुद्दा मदतनिसाचा. गोळा टाकायचा, वाळूतल्या खड्ड्याची खोली मोजायची आणि धक्का किती जोराचा बसला ते काढायचं, एवढा साधा प्रयोग. पण दरवर्षी पोरांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. गोळा किती वेगाने आला हे ती झटक्यात काढतात आणि पेन खाली ठेवतात. मग मामा कपाळाला हात लावतात. "अरे, वेग कळला, धक्का कुठे कळला? थांबायला किती जागा मिळाली ते बघा आधी. जागा निम्मी, तर धक्का दुप्पट."

चारदा सांगूनही ज्यांना कळत नाही अशा पोरांचा मला भयंकर राग येतो. मामांना येत नाही. ते वाळू सपाट करून पुन्हा गोळा उचलतात.

गेल्या वर्षी एका दुपारी ते वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, एवढं गणित तपासता?" वस्तुमान बावन्न किलो, पडण्याची उंची ऐंशी सेंटिमीटर, थांबायला जागा एक सेंटिमीटर. उत्तर: स्वतःच्या वजनाच्या ऐंशीपट धक्का, म्हणजे चार टनांहून जास्त. माझ्यापुढे पेपरांचा ढीग होता. मी बरोबरची खूण केली आणि वही परत सरकवली. बावन्न किलोचं नेमकं काय पडणार आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

महिन्याभराने कळलं, त्या मामी होत्या. बाथरूममध्ये पडून त्यांचं मनगट मोडलं होतं. हाडं ठिसूळ झालीत, पण रोज चालायलाच हवं, नाहीतर पुन्हा उभ्या राहणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि मामी पलंगावरून उठायलाच तयार नव्हत्या. सांगता सांगता मामा माझ्यासमोर रडले. "मीच घाबरवलं तिला. ऐंशीपट, ऐंशीपट म्हणून सांगत बसलो. माझ्या जिभेला काही हाड?"

त्या गणितावर खूण माझी होती. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले.

दोन खोल्या, आणि फरशी म्हणून कुठे दिसेना. सगळीकडे रज‍या अंथरलेल्या, टेबलाच्या कोपऱ्यांना जुने स्वेटर बांधलेले, बाथरूमच्या दाराशी अख्खी गादी. मामी पलंगावर बसून एका हाताने मटार सोलत होत्या. "या, या. पण जपून हं. या घरात धडधाकट माणूसही तोंडावर आपटतो."

मी बसल्या बसल्या व्याख्यान सुरू केलं. माणूस म्हणजे लोखंडी गोळा नव्हे. गुडघे वाकतात, हात पुढे येतो, आपण अर्धवट खाली बसतो. तो एक सेंटिमीटर चुकीचा होता आणि मी न बघता खूण केली. मामींनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं? मी घाबरले असं कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी उशीखालून तीच वही काढली. "शेवटचं पान वाचा."

मामांच्या वळणदार अक्षरात तक्ता होता. फरशी: एक सेंटिमीटर, ऐंशीपट. रजई: तीन, सत्तावीसपट. गादी: सहा, तेरापट. आणि शेवटची ओळ: मी (पोट आणि हात मिळून): वीस, चौपट.

"मी बाथरूमपुरती उठले तरी हे माझ्यापुढे उलटे चालतात," मामी म्हणाल्या. "हात पसरून. मागे काय आहे ते बघत नाहीत. परवा हेच स्टुलाला अडखळले, थोडक्यात वाचले. एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि म्हणे मी वीस सेंटिमीटर!"

"मामा," मी म्हटलं, "जेवढा धक्का मामींना, तेवढाच तुम्हालाही बसणार."

"मला माहीत नाही होय?" मामा म्हणाले.

"ऐकलंत ना? यांना माहीत आहे. म्हणून मी उठत नाही."

खरं सांगायचं तर मला थोडा हेवा वाटला. असं मला कुणी कुठल्या तक्त्यात मांडलेलं नाही.

"ती ओळ खोडा, लगेच चालते," मामी म्हणाल्या.

"खोडणार नाही."

"मग मी बसते इथेच."

दोघंही हट्टाला पेटलेली. शेवटी माझंच डोकं फिरलं. मी मामांच्या खिशातलं पेन ओढलं आणि त्या ओळीखाली लिहिलं: शेजारी चालणे, दंड धरून: ऐंशी सेंटिमीटर. "तोल गेला तर हळूहळू खाली बसवायचं. थांबायला सगळीच्या सगळी उंची मिळते. धक्काच नाही, नुसतं वजन पेलायचं. आणि खाली कुणी चेंगरत नाही."

मामांनी वही जवळ ओढली. "एवढं साधं! मला कसं सुचलं नाही?"

"घाबरलेल्या माणसाला सुचत नाही," मामी म्हणाल्या, आणि मटारचं ताट बाजूला सारून त्यांनी पाय खाली सोडले.

मामांनी आधी एक रजई गोळा केली, मग दुसरी. फरशी दिसायला लागली. मग ते मामींच्या शेजारी उभे राहिले आणि दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला. सहा पावलं झाली, सात झाली. दाराशी मामी थांबल्या.

"अहो, जरा सैल धरा. दुखतंय."

मामांनी सैल धरलं नाही. मामीही पुन्हा काही बोलल्या नाहीत.