सव्वीस वर्षांची मॅडम आणि विलासराव

क्रांती चौकाजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी एचआर बघायची. ती नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण जुने चौघं भेटलो की किस्से निघतातच. आधी हसण्याचे निघतात. मग विलासरावांचे आणि सायली मॅडमचे, तेव्हा सगळे जरा हळू बोलतात.

विलासराव त्रेपन्न वर्षांचे. त्यांची आधीची कंपनी पुण्याला गेली, हे इथंच राहिले. आमच्याकडं इंटरव्ह्यूला आले, तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "काका, मुलाला आत पाठवा, तुम्ही बाहेर बसा."

"मुलगा मीच आहे," विलासराव म्हणाले.

*

त्यांना घेतलं सायलीनं. ती टीम लीड, वय सव्वीस, अजिंठ्याकडच्या शेतकऱ्याची लेक. मालक स्वतः एकोणतीसचा. एवढ्या वयाचा माणूस कशाला घेतला, असं त्यानं तिला माझ्यासमोरच विचारलं होतं.

*

दुष्काळाचा उन्हाळा होता. टँकरच्या फेऱ्यांचं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. हर्सूलला एका कंत्राटदाराकडं मीटिंग होती. त्यानं विलासरावांशी हात मिळवला आणि सायलीला म्हणाला, "पोरी, जरा चहाचं बघ."

विलासराव उठले. स्वतः चहा आणला, पहिला कप तिच्यापुढं ठेवला. "साहेब या आहेत," एवढंच बोलले.

परतताना गाडीत विलासराव म्हणाले, "मला म्हातारा म्हणतात, तुम्हाला पोर. आपल्या दोघांचं वय लोकांना पटत नाय."

*

एकदा टीमची पार्टी झाली. विलासरावांना कंटाळा येईल म्हणून कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांचे फोटो एकेक करून बघितले. "लई छान आलेत," म्हणाले.

*

पुढं काम आटलं. मालकानं एक माणूस कमी करायला सांगितला, नावही त्यानंच सांगितलं. सायली दोन दिवस भांडली. मीच जाते, असंही म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. पत्र मी टाइप केलं. 'आजच्या कामाचा वेग आपणास झेपत नाही,' हे वाक्य त्यानं मुद्दाम घालायला लावलं.

केबिनमध्ये सायली आणि मी होतो, तिथं विलासराव आले. पत्र हातात घेतलं आणि परत दिलं. "चष्मा घरी राहिला. तुम्हीच वाचा, मॅडम."

सायली वाचायला लागली. आपण शिकवलेलं टीम विसरणार नाही. आपल्यासारखा माणूस कंपनीला पुन्हा मिळणार नाही. थांबत थांबत ती पान संपेपर्यंत वाचत राहिली. मी टाइप केलेल्या पत्रात यातलं एक अक्षरही नव्हतं.

विलासरावांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. "चांगलं लिहिलंय," म्हणाले. सही केली, आपल्या प्रतीची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात सरकवली, चष्म्याच्या मागं.