टॅमर बिंक्सची चौकशी

आमच्या केंडलच्या शिवणशाळेत बाईंनाही 'तू' म्हणायचं. आम्ही इंग्लंडातले क्वेकर पंथाचे ख्रिस्ती; आमचं म्हणणं सरळ आहे: देवाला तू, मग न्यायाधीशाला अहो-जाहो कशाला? म्हणून साठी ओलांडलेली आमची टॅमर बिंक्स आम्हां पोरींची नुसती टॅमर. ती लहानपणी अनाथ म्हणून इथं आली, शिवण शिकली आणि शिकवायलाच राहिली. दुसरं घर तिला ठाऊकच नाही.

"हा टाका आहे की बेडकाची उडी? उसव!" ती ओरडायची. पोरगी रडायला लागली की लगेच, "रडू नको गं, दोरा भिजतो."

मोलकरीण म्हणून कामाला निघालेल्या मुलीला शाळा एक करडा झगा देते. झालर नाही, नक्षी नाही; नटणं म्हणजे गर्व. पण टॅमर त्याच्या अस्तरात, काळजापाशी, लाल दोऱ्याचं इवलंसं फूल काढायची. "परक्यांच्या माळ्यावर झोपशील तेव्हा चाचपून बघ. आपल्यासाठी कुणी बसून शिवलंय, एवढं कळलं तरी पुरे."

एका मालकिणीला ते दिसलं, तिनं शाळा चालवणाऱ्या बायकांच्या कानावर घातलं. त्यांची प्रमुख प्रिसिला ऑडलँड चौघींना घेऊन हजर झाली. ही नाकातून बोलते. प्रत्येक शब्दाला इस्त्री फिरवून मगच बाहेर सोडते.

"टॅऽमर, हे तू काढलंस?"

"मीच. सगळ्यांनाच काढते."

"पुन्हा काढणार नाही म्हण. नाहीतर शाऽळा सोडावी लागेल."

"म्हटलं असतं गं, पण ते खोटं होईल."

"मेली! नुसतं 'बरं' म्हण की!" शेजारची हॅना माझ्या कानात पुटपुटली.

मग सगळ्या गप्प बसल्या. आमच्यात हात वर करून मतं मोजत नाहीत. शांत बसायचं, कुणाला आतून उमगलं तर तिनं बोलायचं. प्रमुख बाईनं शेजारणीशी हात मिळवला की सगळ्या तसंच करतात आणि बैठक संपते. तोवर कुणीच बोललं नाही, तर काहीच ठरलं नाही; चाललंय तसंच चालायचं.

टॅमर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिचे रिकामे हात मी पहिल्यांदाच पाहिले. प्रिसिलाच्या बाकावर, अगदी तिला खेटून, सगळ्यांत धाकटी टिली हुंदके गिळत होती. गिळता गिळता तिला उचकी लागली. प्रिसिलानं समोरची नजर न हलवता हात पुढे केला आणि तिचा ओला पंजा धरला.

झालं! त्या चौघींतल्या म्हाताऱ्या सुझननं पलीकडून ते पाहिलं आणि शेजारणीशी हात मिळवला. तिनं पुढचीशी. बघता बघता सगळे बाक हात मिळवू लागले.

"अगं, मी फक्त पोरीला..." प्रिसिलाचा नाकातला सूर कुठल्या कुठे गेला.

"हात दिलास ना? मग संपली बैठक," सुझन उठत म्हणाली. "माझ्या गुडघ्यांचं बघा कुणीतरी."

प्रिसिलानं हातातल्या पंजाकडे पाहिलं. सोडला मात्र नाही.

"संपली तर संपली," ती हळूच म्हणाली. "टॅमर, फूल जरा लहान काढत जा."

"लहान काढीन. हे खरं सांगते," टॅमर म्हणाली. तिनं पुन्हा सुई-दोरा हातात घेतला. "आणि त्या टिलीचं नाक पूस आधी. तुझ्या बाहीला लागतंय."