पहिली लाल मिरची सरूआत्याची

सरूआत्यावर अन्याय झाला तो तिच्या दहाव्याच्या सकाळी. आम्ही गंगाखेडला गोदावरीच्या काठी तिचा पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत होतो आणि त्याच वेळी इकडे झरीत, आमच्याच घरात, तिनं टाकलेलं मिरचीचं रोप उकिरड्यावर गेलं. ते फेकणारी माझी सख्खी काकू. तिला हे वाचून दाखवूनच छापायला पाठवते आहे.

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पूर्णा स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते. ऊसतोडीच्या हंगामात मजुरांच्या लेकरांची गावातच राहायची सोय करा, अशी मागणी होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ. ते एवढंच म्हणाले, "अक्का दुपारची जरा पडली व्हती... उठंनाच गेली." उरलेली पत्रकं पिशवीत कोंबून मी एसटी धरली. घरी पोचले तर तिच्या खोलीत भिंतीशी तेलाचे आडवे कापलेले डबे मांडलेले, त्यांत माती, मातीत नुकतंच पेरलेलं बी आणि वर भिजवलेलं पोतं. पोत्याला हात लावला. ओलं होतं. बाहेर तिला न्यायची तयारी चालली होती आणि तिनं भिजवलेलं पोतं अजून ओलं होतं...

आत्याची उमेदीची वर्षं उसाच्या फडात गेली. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना घसरली, कंबर गेली, आणि मुकादमानं तिला टोळीतून काढून टाकलं. त्या मुकादमावर मी अजूनही पत्रकं लिहू शकते. आत्यानं मात्र त्याचं नाव पुन्हा काढलं नाही. ती भावाच्या घरी आली आणि तिनं मिरचीचं रोप टाकायला घेतलं. टोळ्या परत येतात त्या ऐन उन्हाळ्यात. त्या बायांनी बंद घर उघडून झाडायचं की रोपाच्या मागं लागायचं? बाहेर वाफ्यात टाकावं तर आमच्याकडच्या उन्हात कोंब वर आला की करपतो, वाचला तर कोंबड्या उकरतात. म्हणून ती घरात रोप टाकायची. त्या खोलीला ती बाळंतिणीची खोली म्हणायची. चपला बाहेर, दार लोटलेलं, बोलायचं ते हळू. कोंब दिसले की रोज दिवस उगवताना एकेक डबा उंबऱ्याबाहेर मांडायचा आणि ऊन चढायच्या आत पुन्हा घरात. एका हातानं कंबर धरून. मी म्हणायचे, "आत्या, मी उचलते की."

"तू नगं, माय. तुझा हात लय हलतोय. डबा धरायलीस का भाषण करायलीस?"

रोप कुणीही मागावं, ती द्यायची. अट एकच. झाडावरची पहिली लाल झालेली मिरची खायची नाही, देठासकट आत्याला आणून द्यायची. तेच तिचं पुढच्या वर्षीचं बी. एकदा आमच्या गल्लीतल्या एकानं विसरून सगळ्या मिरच्या संपवल्या आणि बाजारातली आणून हातावर ठेवली. आत्यानं ती नुसती हुंगली. "ही माझी न्हाई रे. मला काय लेक वळखायला आधार कार्ड लागतंय व्हय?" दुसऱ्या दिवशी तो आत्याचंच रोप नेलेल्या मेव्हण्याच्या शेतातून खरी घेऊन आला.

बी ती माझ्या पत्रकांच्या पुड्यांत बांधायची. वाचूनही घ्यायची माझ्याकडून. "मागण्या लय लिवल्यास गं. पर मागायलीस कुणाला?"

"शासनाला."

"त्ये कुठं हाय? म्होरं जे माणूस उभं हाय त्याला माग की."

मला राग यायचा. आता तोच आवाज ऐकावासा वाटतो, अगदी त्याच टोमण्यासाठी.

सुतकाचे सगळे दिवस पोतं मी भिजवत होते. दहाव्याला निघताना पाहिलं तर माती जागोजाग फुगून तडकली होती. कोंब वर यायच्याच बेतात होते. नदीवर कावळा काही केल्या शिवेना. लोकांनी काय काय सुचवलं. शेवटी अण्णांनी हात जोडले, "अक्का, तुझं रोप वाळू देत न्हाई आमी. सगळं वाटतो." आणि कावळा उतरला. मी कावळ्याला मानत नाही, येताना बसमध्ये अण्णांशी त्यावरून वादही घातला. पण दिलेला शब्द मी मानते.

घरी आलो तर खोली सारवलेली होती आणि डबे धुऊन भिंतीशी पालथे घातलेले. काकू म्हणाली, "मेल्या माणसाच्या उशाची माती घरात ठिवतेत का, बाई? सुतक फिटलं, घर नको का धुवायला?"

"काकू, त्यात रोप होतं."

"कामून खोटं बोलायलीस? दहा दिस झाले तरी एक पान न्हाई दिसलं. कोरी मातीच व्हती की..."

आम्ही उकिरड्यावर गेलो. ढेकळं फोडली तर आत पांढरे कोंब, माना वाकवलेले, उन्हानं दोऱ्यासारखे झालेले. काकू माझ्याशेजारी बसली आणि बोटांनी माती उकरत राहिली. जे सापडले ते आम्ही परत डब्यांत लावले. एकही धरला नाही. तिच्या पुड्यांत बी उरलं नव्हतं. सगळं पेरायची ती. गावातून नवी लाल मिरची येणारच, हा तिचा भरवसा. गावात घरोघर विचारलं, तर सगळ्यांची मिरची येसरात, वर्षाच्या मसाल्यात, कुटून झालेली.

आता खोलीत डबे पुन्हा भरले आहेत. काकू रोज पोतं भिजवते. खाली नुसती माती आहे हे तिला माहीत आहे. अण्णा दिवस उगवताना उंबऱ्याशी येतात, जरा उभे राहतात आणि आत जातात.

म्हणून या वेळी मी शासनाला काही मागत नाही. तुम्हालाच मागते. आत्याचं रोप झरीच्या बाहेरही गेलं, माहेरवाशिणींच्या पिशव्यांतून, टोळ्यांच्या सामानातून. बुटकी, जाड सालीची, वाळली की जांभळट लाल दिसणारी मिरची. तुमच्या घरात ती एक जरी अख्खी उरली असेल, तर कुटू नका. झरीत उतरा, सरूआत्याचं घर विचारा आणि देठासकट आणून द्या. पाऊस लागायच्या आत आणा. पोतं ओलं आहे.